पेशीतील चूल आणि हातातील गोळी



गेल्या पंधरवड्यात बोरिवलीहून एका भगिनींचे पत्र आले. त्यांचे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन जिने चढले की त्यांना थकवा येतो आणि मधल्या वळणावर कठडा धरून थांबावे लागते. घरी आल्यावर ते बोटाला ऑक्सिमीटर लावतात, आकडा ९७ दिसतो आणि डॉक्टरांकडे जाण्याचा विषय तिथेच मिटतो. दरम्यान परदेशातील नातवाने अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूल पाठवल्या, घाटकोपरच्या एका स्नेह्यांनी आणखी एक डबी सुचवली आणि आता निवृत्तिवेतनातील बरीच रक्कम दरमहा या डब्यांवर खर्च होते. त्या लिहितात, ‘गोळ्या बंद करा म्हटले तर सुनेला पैशांची काळजी आहे असे वाटेल, चालू ठेवा म्हणावे तर माझे मन मानत नाही. आकडा चांगला असूनही थकवा का येतो, आणि या गोळ्या घ्याव्यात की नाहीत, एवढे कृपया सांगा.’

घरातील ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्या अनेकांना ही कोंडी परिचयाची असेल. म्हणून या दोन प्रश्नांचे उत्तर जरा सविस्तर देत आहे. ते समजण्यासाठी आपल्याला थोडा वेळ पेशीच्या आत डोकवावे लागेल.

आकडा काय सांगतो

आधी ऑक्सिमीटरचे पाहू. रक्तातील हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले आहे, एवढेच हे यंत्र सांगते. अंधेरी स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या बसगाड्या भरलेल्या आहेत, असे कुणी सांगितले म्हणून त्या पुरेशा संख्येने आहेत असे होत नाही. रक्तक्षयात हिमोग्लोबिन कमी असते. जे आहे ते पूर्ण भरलेले असते, म्हणून आकडा उत्तम दिसतो आणि माणूस मात्र थकलेला असतो. शिवाय बसमधून उतरलेला प्रवासी पुढे कामावर पोहोचला की नाही, हेही या यंत्राला कळत नाही. प्राणवायूचे खरे काम रक्तात होतच नाही. ते होते पेशींमधील तंतुकणिका नावाच्या अतिसूक्ष्म घटकांत. आपण श्वास घेतो तो अखेर यांच्यासाठी.

एका बटाट्याची गोष्ट

या तंतुकणिकांच्या अभ्यासात एका मराठी स्त्रीचे नाव आदराने घ्यावे लागते. डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत; विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संस्थेचे प्रमुख सर सी. व्ही. रामन यांनी त्या केवळ स्त्री आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एका वर्षाच्या परीक्षाकालाची अट घालून त्यांना प्रवेश मिळाला आणि त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर संशोधन करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम-सी’ हे प्रथिन असते, असे त्यांनी दाखवून दिले. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, विज्ञानशाखेत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता.

हे सायटोक्रोम-सी करते काय? आपण खाल्लेल्या भाकरीतून, डाळीतून, तुपातून पेशी इलेक्ट्रॉन काढून घेते. इलेक्ट्रॉन काढून घेण्याच्या या क्रियेलाच रसायनशास्त्रात ऑक्सिडीकरण म्हणतात. हे इलेक्ट्रॉन एकदम प्राणवायूच्या हाती दिले, तर सारी ऊर्जा क्षणात उष्णतेच्या रूपाने निघून जाईल. म्हणून पेशी ते हातोहात पुढे नेते. बोरिवलीच्या घरातून निघालेला जेवणाचा डबा चर्चगेटच्या कचेरीत पोहोचेपर्यंत अनेक डबेवाल्यांच्या हातांतून जातो, तसे हे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. सायटोक्रोम-सी हा त्या साखळीतील शेवटून दुसऱ्या टप्प्याचा डबेवाला. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो; तो इलेक्ट्रॉन घेतो, पुढे देतो आणि पुन्हा मोकळा होतो. अखेरच्या टप्प्यावर प्राणवायू तो स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते.

प्रत्येक हस्तांतरात थोडी थोडी ऊर्जा सुटते. तिच्या बळावर तंतुकणिकेच्या आतील पडद्यापलीकडे हायड्रोजनचे धनभारित कण लोटले जातात आणि तिथे साठून राहतात. कोयनेच्या धरणात पाणी उंचावर अडवून ठेवतात आणि खाली सोडले की जनित्रे फिरतात, तसेच इथे घडते. साठलेले कण एका फिरत्या प्रथिनातून परत आत येतात. त्या फिरण्याच्या शक्तीने एडीपी नावाच्या रेणूला आणखी एक फॉस्फेट जोडले जाते आणि एटीपी तयार होते. फॉस्फेट जोडण्याच्या या क्रियेला फॉस्फोरिलीकरण म्हणतात. पीटर मिचेल यांनी धरणासारखी ही कल्पना १९६१ साली मांडली, तेव्हा अनेकांना ती पटली नव्हती. १९७८ साली त्यांना तिच्यासाठीच नोबेल पारितोषिक मिळाले.

एटीपी हे पेशीचे ऊर्जाचलन. स्नायूचे आकुंचन, मेंदूतील संदेश, मूत्रपिंडातील गाळणी, सारे व्यवहार या चलनात होतात. हे चलन शोधणाऱ्यांत आंध्रचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी १९२५ साली रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९२९ साली स्नायूंमधील एटीपी ओळखले. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी ते शोधले.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोणत्याही क्षणी आपल्या शरीरात एटीपीचा साठा असतो जेमतेम काही तोळ्यांचा. पण तेच रेणू पुनःपुन्हा मोडून पुन्हा घडवले जात असल्याने, दिवसभरातील उलाढाल जवळजवळ आपल्या वजनाइतकी होते. हे चलन साठवता येत नाही. ते क्षणोक्षणी घडवावे लागते. म्हणून तंतुकणिकांची संख्या आणि क्षमता घटली की थकवा जाणवतो, मग बोटावरचा आकडा काहीही असो.

शरीराला गंज चढतो का?

कॅप्सूलच्या डब्यांची जाहिरात एका वाक्यावर उभी असते: वय वाढते तसा शरीराला गंज चढतो, आणि अँटीऑक्सिडंट तो रोखतात. हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच फसवे आहे.

समुद्राकाठच्या या शहरात गंजाची ओळख कुणाला करून द्यायला नको. दोन पावसाळे गेले की खिडकीची लोखंडी जाळी तांबूस होऊन पापुद्रे सुटू लागतात. हेही ऑक्सिडीकरणच. रंगारी कधी कधी गंजावर फॉस्फोरिक आम्ल लावतो; त्यामुळे गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये होते आणि त्या थरावर रंग नीट बसतो. दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उभा आहे, त्याचे एक कारण असे की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त संरक्षक थर तयार झाला आहे.

पण जाळी आणि पेशी यांत मोठा भेद आहे. जाळीचे लोखंड गंजले की गेले. सायटोक्रोममधील लोहाचा अणू मात्र दर सेकंदाला अनेकदा ऑक्सिडीकृत होतो आणि तितक्याच वेळा पूर्ववत होतो. हे ऑक्सिडीकरण थांबले तर आपण काही मिनिटेच जगू. रानातला वणवा आणि स्वयंपाकघरातील चूल, दोन्हींत अग्नीच असतो. वणव्याच्या भीतीने कुणी चूल विझवत नाही.

चुलीतून ठिणगी उडते, हे मात्र खरे. साखळीतून जाणारे काही इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात आणि त्यांतून मुक्त मूलके तयार होतात. ती अति झाली तर प्रथिनांना आणि जनुकद्रव्याला इजा करतात. परंतु त्यांना आवरण्यासाठी शरीराची स्वतःची विकरे असतात. शिवाय अल्प प्रमाणातील मुक्त मूलके हा पेशीला मिळणारा निरोप असतो: काम वाढले आहे, तयारी वाढवा. बाहेरून मोठ्या मात्रेत अँटीऑक्सिडंट ओतले, तर हा निरोपच पुसला जाण्याचा संभव असतो. २००९ साली जर्मनीत तरुण पुरुषांवर झालेल्या एका लहान अभ्यासात हेच दिसले. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारला. पण जे व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेत होते, त्यांच्यात ही सुधारणा दिसली नाही.

याहून मोठ्या चाचण्यांचे निष्कर्षही डोळे उघडणारे आहेत. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. १९९४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा संशोधकही चकित झाले, कारण अपेक्षा नेमकी उलट होती. अमेरिकेतील अशीच एक चाचणी १९९६ साली मध्येच थांबवावी लागली. २०१२ साली ७८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात या गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व यांच्या बाबतीत मृत्यूचे प्रमाण किंचित वाढत असावे, असेच दिसले.

आवळा, पेरू, पालेभाजी, गाजर यांना हे लागू नाही. अन्नातून ही द्रव्ये माफक मात्रेत आणि इतर अनेक घटकांसोबत येतात. आजीच्या पानातील लिंबाची फोड आणि डबीतील मोठ्या मात्रेची कॅप्सूल यांना एकाच मापाने मोजू नये.

चालणे हा शिक्का

फॉस्फोरिलीकरणाचे आणखी एक काम आहे. एखाद्या प्रथिनाला फॉस्फेट जोडले की ते जागे होते किंवा झोपी जाते. कचेरीत अर्जावर शिक्का उमटला की कागद पुढे सरकतो, तसे. जेवणानंतर इन्सुलिन पेशीच्या दाराशी येते, तेव्हा आत असे शिक्के एकामागून एक उमटतात आणि साखरेसाठी दार उघडते. मधुमेहात ही शिक्क्यांची मालिका मंदावते. शिक्के अति झाले तरी घात होतो: अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनावर प्रमाणाबाहेर फॉस्फेट चढलेले असते आणि त्याच्या गुठळ्या होतात. म्हणजे ऑक्सिडीकरण असो वा फॉस्फोरिलीकरण, दोन्ही स्वभावतः चांगली नाहीत आणि वाईटही नाहीत. योग्य जागी आणि योग्य प्रमाणात ती जीवन चालवतात.

आपण चालू लागलो की स्नायूतील एटीपी खर्च होते. ही घट ओळखणारे एक विकर जागे होते आणि इतर प्रथिनांवर शिक्के उमटवू लागते. त्यामुळे इन्सुलिनची फारशी वाट न पाहता स्नायू साखर आत घेतो आणि हळूहळू नव्या तंतुकणिकाही घडू लागतात. हे सत्तरीतही घडते, ऐंशीतही घडते. मागणी वाढली की पेशी पुरवठा वाढवते. मागणीच नसेल तर आहे तोही मोडीत काढते. अमेरिकेतील एका अभ्यासात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणात पडून राहण्यास सांगितले, तेव्हा पायांच्या स्नायूंचे वजन जवळजवळ एक किलोने घटले. म्हणून ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणते’ असे प्रेमाने दिवसातून दहा वेळा म्हणणे, ही शुश्रूषा नेहमी हिताची ठरतेच असे नाही.

आता करावे काय

पहिली गोष्ट तपासणीची. नव्याने जाणवणारा थकवा ‘वयाचा’ म्हणून सोडून देऊ नये. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचे कार्य आणि हृदयाची तपासणी, तसेच चालू औषधांचा फेरविचार, एवढे डॉक्टरांकडून करून घ्यावे. छातीत दुखणे, पायांवर सूज, घेरी किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काही असेल, तर दिवस घालवू नये.

दुसरी गोष्ट डब्यांची. घरातील सर्व गोळ्या, अगदी भेट आलेल्यासुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मात्र डॉक्टरांनी दिलेले लोह, बी-१२ वा ड जीवनसत्त्व आपल्या मनाने थांबवू नये. दृष्टिपटलाच्या ऱ्हासासाठी नेत्रतज्ज्ञ काही रुग्णांना विशिष्ट अँटीऑक्सिडंट देतात, तेही चालू ठेवावे.

तिसरी गोष्ट हालचालीची. डॉक्टरांची संमती असेल, तर आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे मध्यम गतीने चालणे हे ध्येय ठेवावे; आरंभ दहा मिनिटांचाही चालेल. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान जवळ असेल तर उत्तम, नसेल तर इमारतीचे आवार पुरे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही गती योग्य. आठवड्यातून दोन-तीन दिवस भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करावा. पहिले काही दिवस घरातील कुणीतरी शेजारी उभे राहावे.

चौथी गोष्ट ताटाची. स्नायू घडण्यासाठी प्रथिने लागतात. निरोगी ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे एक ग्रॅम किंवा थोडी अधिक. मुगाची उसळ, दही, अंडे, मासे, जे रुचेल आणि पचेल ते. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापवू नये. खवट वास म्हणजे तेलाचे ऑक्सिडीकरण झाल्याची खूण. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांना विचारावे. त्यांच्या रक्तात फॉस्फरस साचतो, म्हणून वेष्टनावर ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले तर तो पदार्थ शक्यतो टाळावा. ती फॉस्फेटयुक्त द्रव्ये असतात.

पाचवी गोष्ट न्हाणीघराची, आणि ही सर्वांत तातडीची. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि तंतुकणिकेतील साखळीचा शेवटचा टप्पाही अडवतो. साधा ऑक्सिमीटर मात्र अशा वेळीही ९८ दाखवू शकतो. स्नानानंतर डोके दुखणे, मळमळ किंवा घेरी यांना क्षुल्लक समजू नये. प्रथम मोकळ्या हवेत यावे आणि मग रुग्णालय गाठावे.

डॉ. कमला सोहोनी यांनी केंब्रिजहून परतल्यावर आपले ज्ञान प्रयोगशाळेत कोंडून ठेवले नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले, कुपोषित मुलांना तिचा कसा लाभ होतो हे पाहिले, गोरेगावच्या आरे दुग्धप्रकल्पाला दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला आणि पुढे ग्राहक चळवळीत उतरून गृहिणींना भेसळीबाबत सावध केले. डबीवरील दावा नीट वाचावा आणि पुरावा मागावा, ही सवय त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

बोरिवलीच्या भगिनींना इतकेच सांगतो. गोळ्यांवरून वाद घालू नका. ‘डॉक्टरांना दाखवून मग ठरवू’ म्हणा आणि डब्यांची पिशवी घेऊन दोघे जा. नातवाला फोन करून त्याच्या प्रेमाबद्दल आभार माना. पुढच्या वेळी कॅप्सूलऐवजी आजोबांसाठी चांगली, न घसरणारी पादत्राणे पाठव म्हणून सांगा. आणि संध्याकाळी आवारात त्यांच्यासोबत दहा मिनिटे चाला. आपल्यालाही त्याची गरज आहे. शुश्रूषा करणाऱ्यांच्या पेशींतही चुली असतातच.